किड्याखालची चिठ्ठी

माझ्या नवऱ्याने एका शेणकिड्याला माझं नाव द्यायचं ठरवलं, तेव्हा मी आधी पोटभर हसले आणि मग त्याचा लेख वाचायला मागितला. चाळीस वर्षं मॉरिसचे लेख मीच तपासत आलेय. त्यात सवलत नाही.

मॉरिस आष्टमकर, कीटकशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. कॅनडात, मिसिसागातल्या आमच्या बेसमेंटमध्ये मायक्रोस्कोप लावून बसलेला असतो. पंधरा वर्षांपूर्वी झांबियातून आणलेला हा किडा त्याने यंदाच्या विंटरमध्ये नीट पाहिला. पुढच्या पायांवर, करवतीला असतात तसे, चारऐवजी पाच दात! अशी जात आजवर कोणीच नोंदवलेली नव्हती.

लेखाच्या तिसऱ्या पानावर होतं: गोळा करणारा, एम. आष्टमकर.

माझं डोकंच फिरलं. त्या दिवशी हे महाशय पोट बिघडून तंबूत आडवे पडले होते. रानम्हशीच्या शेणात चहाचा चमचा घालून किडा बाहेर काढला तो मी.

"मॉरिस, हा मी पकडलाय."

"आय नो," तो म्हणाला. "म्हणून तर तुझं नाव देतोय ना!"

"नाव नको. चिठ्ठी करेक्ट कर."

त्याचा चेहरा उतरला. प्रत्येक किड्याच्या टाचणीला चिठ्ठी असते: कुठे सापडला, कधी, कोणाला. मॉरिसची चिठ्ठी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, अशी त्याची ख्याती.

"एक चूक निघाली तर लोक माझ्या सगळ्याच लेबल्सवर डाउट घेतील, सिबिल. आयुष्यभराचं काम आहे ते."

"घेऊ देत. चूक तर आहेच ना?"

तो उठून खाली बेसमेंटमध्ये गेला. मला वाईट वाटलं, पण माघार घ्यावीशी वाटली नाही. भेट म्हणून मिळालेल्या नावापेक्षा, जे मी केलं ते माझ्या नावावर हवं होतं.

तासाभराने त्याने हाक मारली. जुनी चिठ्ठी कधीच काढायची नाही, दुरुस्ती तिच्याखाली लावायची, असा या किडेवाल्यांचा नियम. टाचणीत नवी चिठ्ठी होती, त्याच्या बारीक इंग्रजी अक्षरात: वरचं नाव चुकीचं. गोळा करणारी, सिबिल आष्टमकर. चूक माझी. खाली त्याची सही. लेखातही तसंच बदललं होतं, आणि जातीचं नाव आता पाच दातांवरून ठेवलं होतं.

मला भरून आलं. "थँक यू," मी म्हटलं.

"झालं ना समाधान?" त्याने किड्यांची पेटी बंद केली.

मी खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसले. "त्या ट्रिपला तू चार दिवस झोपून होतास, मॉरिस. बाकीच्या पेट्या काढ."