माझी गोष्ट रंगूबाईच्या तोंडी

साहेबांपुढे बोलायला समीक्षानं रंगूबाईला निवडलं, तेव्हापासून मला जेवण गोड लागेना. रंगूबाई माझी धाकटी जाऊ. अक्षरं मी तिच्या आधी शिकले, बासष्टाव्या वर्षी, आमच्या वाडीच्या वाचनालयात. ती दोन वर्षं मागून आली. जोडाक्षर आलं की अजून अडखळते.

"रंगूआजी बोलल्या की माणसं ऐकतात," समीक्षा म्हणाली. वाचनालय तीच सांभाळते.

"आणि मी बोलले की झोपतात?"

ती हसून पुस्तकं लावायला लागली.

प्रश्न खोलीचा होता. वाचनालय ग्रामपंचायतीच्या खोलीत आहे, आणि मुंबईकर मंडळाला ती खोली हवी होती, शिमग्या-गणपतीला येणाऱ्यांच्या मुक्कामासाठी. दुरुस्ती मंडळ करून देणार, म्हणून सरपंचही तिकडेच झुकलेले. बुधवारी पोलादपूरहून पंचायत समितीचे साहेब येऊन पाहणी करणार आणि त्यावरच काय ते ठरणार.

बोलायला नाही मिळालं, तर निदान काम तरी माझं दिसू दे, असं मी ठरवलं. झाडलोट माझ्याकडे, त्यामुळे किल्लीही माझ्याकडे. मंगळवारी समीक्षा महाडला गेली होती. मी घरोघर फिरून लोकांनी नेलेली सगळी पुस्तकं परत आणली, पुसली, ओळीनं लावली. पाहुणा यायचा म्हणजे मांडणीवरची भांडी घासून लावतात, तसं.

बुधवारी समीक्षा साहेबांबरोबरच आत आली. भरलेली कपाटं बघून तिचा चेहरा उतरला. मला वाटलं, हे आपल्याला सुचलं नाही म्हणून.

रंगूबाई उभी राहिली. "सायेब, आधी यष्टीची पाटी वाचता येत नव्हती. पोलादपूरला महाडची म्हणून चढले नि घाट चढून म्हाबळेश्वरला उतरले! थंडीनं काकडले, वर कंडक्टर विचारतो, आजी, हनीमूनला का?"

सगळे हसले. साहेबही हसले. मला हसू आलं नाही. त्या गाडीत मी बसले होते. कंडक्टर मला तसं म्हणाला होता. रंगूबाई त्या दिवशी घरी भाकऱ्या थापत होती.

मग साहेब कपाटाजवळ गेले. "पुस्तकं तर सगळी इथंच आहेत. नेतं कोण?"

मंडळाचा अध्यक्ष महिपती लगेच म्हणाला, "तेच सांगतोय, साहेब. शोकेस हाय नुसती. कोण हात लावत नाय."

रंगूबाई मटकन खाली बसली. खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. पण महिपतीनं खिशातून टेप काढली आणि खाटा कुठं मावतील ते मोजायला लागला.  ही खोली गेली तर मी वाचू कुठं?

मी उठले. "पुस्तकं मी गोळा केली, सायेब. काल. घराघरातनं."

"कशाला?"

"तुमी येणार म्हणून."

"कोणाकडून काय आणलं, सांगता येईल?"

"ह्ये सयाजीच्या उशाखालनं. ह्ये शेळीच्या दावणीवरनं, अरविंदची बायको धार काढताना वाचते. त्ये जाड रंगूबाईकडचं. तीन म्हैने झाले, संपत नाय."

"तुळजाबाय!" रंगूबाई ओरडली.

साहेबांनी सयाजीचं पुस्तक उघडलं. त्याच्या दवाखान्याची चिठ्ठी आतून पडली. दुसऱ्यात कोंबडीचं पीस होतं. तिसऱ्याची पानं हळदीनं पिवळी. साहेबांनी अशी दहा-बारा बघितली. महिपतीनं टेप गुंडाळली.

पंधरा दिवसांनी ग्रामपंचायतीचं पत्र आलं. खोली वाचनालयाकडेच राहणार. बायका जमल्या. समीक्षा म्हणाली, "तुळजाआजी, तुम्ही वाचा."

मी बोट ठेवून वाचू लागले. चौथ्या ओळीत लिहिलं होतं, श्रीमती रंगूबाई यांनी सांगितलेला स्वतःचा अनुभव विचारात घेऊन. स्वतःचा! माझं नाव कुठंच नव्हतं. खाली शिक्क्यापर्यंत बघितलं. ती ओळ गाळावी असं मनात आलं. कोणाला कळणार होतं? पण वाचता येत असून गाळायचं, हे जमेना. मी हळूच वाचली.

"अगो, जरा मोठ्यानं," रंगूबाई म्हणाली. "मागं ऐकू नाय येत."

मी मोठ्यानं वाचली.

"आता पुन्ना एकदा."