न चाखलेले लाडू

जयवंतीकाकू काहीच खात नाहीत, हे धारमधल्या ओळखीपाळखीच्या सगळ्यांना माहीत होतं, कारण काकूच ते सगळ्यांना सांगत. सकाळी एक फुलका, दुपारी दोन, रात्री वाटीभर खिचडी. "आणि तरी वजन वाढतं. मला हवासुद्धा अंगी लागते," असं म्हणून त्या मोठ्यांदा हसत आणि हसता हसता कढईतली मोडकी चकली तोंडात टाकत.

श्रावणात डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला तेव्हा त्या काही हसल्या नाहीत. तीन महिन्यांची शुगर नऊच्या वर गेली होती आणि डोळ्यांच्या पडद्यावर बारीक ठिपके दिसायला लागले होते.

"सातच्या आत आणा. नाहीतर डोळ्यांची हमी मी देणार नाही. दिवाळी झाली की परत तपासू," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "काम काय करता, काकीजी?"

"फराळाचं. घरूनच ऑर्डरी घेते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "चाखता?"

"न चाखता गिऱ्हाईकाला कसं देणार?"

काकूंचं फराळाचं स्वयंपाकघर घराच्या मागच्या अंगाला होतं. सासूबाई गेल्यावर त्यांनी ते स्वतःच्या हिमतीवर उभं केलं होतं. कुक्षीपासून देवासपर्यंतची मराठी घरं त्यांच्याकडून चकल्या, अनारसे, लाडू मागवत. राजगढचे जैन लोकही नेत. दिवाळीच्या आधी महिनाभर त्या घरात बोलायलाही कुणाला सवड नसे. काकूंना विचाराल तर तेच त्यांचं खरं घर, पुढच्या खोल्या आपल्या झोपायला.

त्यामुळे रविवारी इंदूरहून आलेला मुलगा अभिषेक जेव्हा म्हणाला, "आई, बंद कर आता हे सगळं, हात जोडतो," तेव्हा काकूंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"डोळे गेले तर काय करशील?" तो म्हणाला.

"जाणार नाहीत. ऐक. दिवाळीनंतरच्या रिपोर्टात शुगर सातच्या आत आली नाही, तर कढया मी माझ्या हातानं दुर्गाला देऊन टाकीन. मग तू म्हणशील तसं. आणि आली, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

दुर्गा म्हणजे रोज मदतीला येणारी बाई. तिनं दारातूनच माळवीत नकार दिला, "नी काकी, म्हारे घरे बी शुगर हे." पण काकूंचा शब्द दिला गेला होता, आणि दिलेला शब्द फिरवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्या नवऱ्याबरोबर, शरदरावांबरोबर, पहाटे मुंज तलावाकडे फिरायला निघाल्या. शरदराव शाळेतून गणिताचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. ते वर्षानुवर्षं एकटेच फिरत आणि येताना कागदात बांधलेली गरम जिलबी आणत, बायकोसाठी. आता बायकोच बरोबर, त्यामुळे जिलबीची पंचाईत झाली. वळणावरच्या दुकानात काकू म्हणाल्या, "भिया, एक प्लेट पोहे, दोघांत. सेव मत डालना."

दुकानदाराचा हात हवेत थांबला. "बिना सेव के? काकीजी, तबियत तो ठीक है?"

"ठीक करने में ही लगी हूँ," काकू म्हणाल्या.

पाय सुधारले. दम कमी लागू लागला. पण जीभ काही ऐकेना. काकूंनी फुलके कमी केले, खिचडी सोडली, आणि दुपारी चार वाजले की त्यांचे पाय आपोआप चुऱ्याच्या डब्याकडे वळत. शेवेचा चुरा, चकल्यांचे तुकडे, फुटलेले शंकरपाळे. गिऱ्हाईकाला देता येत नाहीत आणि टाकवत नाहीत. शिवाय बेसन भाजताना चिमूटभर, पाक करताना चमचाभर, लाडू वळताना बोटाला लागलेलं. चाखणं म्हणजे खाणं नव्हे, असा काकूंचा कायदा होता, आणि कायदा त्यांनीच केलेला असल्यामुळे अपील कुठे नव्हतं. घरातल्या मशीनवर मोजावं तर शुगर जिथल्या तिथे.

मग गौरी आल्या.

गौरीजेवणाच्या दिवशी काकू पहाटेपासून चुलीपुढे. पुरण शिजलं, वाटलं गेलं, पोळ्या झाल्या, भाज्या, कोशिंबिरी, वडे झाले. दुपारी नैवेद्य दाखवून आणि पंगती उठवून त्या पाटावर टेकल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की सकाळपासून त्यांनी तोंडात कणही टाकलेला नाही. देवाला उष्टं चालत नाही, हे माहेरी आणि सासरी दोन्हीकडे अंगात मुरलेलं. त्यात नवल नव्हतं. नवल याचं की त्यांना इच्छाच झाली नव्हती. समोर पुरणाचं पातेलं, हातात डाव, आणि मन स्वच्छ. एरवी याच पुरणाचे त्यांनी चार-पाच गोळे तरी केव्हाच गिळले असते. आणि न चाखता केलेल्या पोळ्या जेवून पाहुणे तृप्त झाले होते, ते वेगळंच.

"अहो, ऐकलंत का," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मला सापडलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माहेरहून लग्नात आणलेली पितळी अन्नपूर्णा देवघरातून उचलली आणि मागच्या स्वयंपाकघरात, कढयांच्या वरच्या फळीवर नेऊन बसवली. आजपासून इथे होईल ते सगळं आधी हिला. हिला दाखवल्याशिवाय कुणी जिभेला लावायचं नाही.

पहिल्या दिवशी योजना फारच छान चालली. काकूंनी चिवड्याचा नैवेद्य दाखवला, हात जोडले, आणि मग प्रसाद म्हणून वाटीभर चिवडा खाल्ला. लाडवांचा दाखवला आणि प्रसाद म्हणून दोन लाडू खाल्ले. संध्याकाळी मशीनवरचा आकडा बघून त्या स्वतःवरच चिडल्या. देवीला फसवता येईल, रक्ताला कसं फसवणार? त्यांनी कायद्यात दुरुस्ती केली. इथला प्रसाद गिऱ्हाईकाचा. आपल्या वाट्याला वास.

पहिला आठवडा वाईट गेला. हात सवयीनं तोंडाकडे जाई, अर्ध्यात थांबे, आणि काकू उगीचच दुर्गावर खेकसत. पण एक गंमत झाली. मधलं खाणं थांबल्यावर त्यांना दुपारी चक्क भूक लागायला लागली, खरीखुरी, पोटातली. कित्येक वर्षांनी त्या वेळेवर ताट वाढून बसल्या. ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, काकडीची कोशिंबीर. जेवण झालं की चारला पाय चुऱ्याकडे वळेनात. आणि तसा चुराही उरेना. चकल्या मोडायच्याच कमी झाल्या. इतकी वर्षं त्या का मोडत होत्या, हे काकूंना कळलं, आणि त्या एकट्याच हसल्या.

दसरा झाला आणि दिवाळीची धांदल सुरू झाली. चकल्यांचा पहिला घाणा. काकूंनी भाजणीत मोहन घातलं, तीळ, ओवा, तिखट, हळद घातली, उकळतं पाणी ओतलं, तेवढ्यात कुक्षीच्या एका गिऱ्हाईकाचा फोन आला. बोलून परत आल्या, पीठ मळलं, साच्यात भरलं, आणि त्या एकदम थबकल्या. मीठ घातलं होतं का?

आठवेना. दुर्गा अजून आली नव्हती. एवढंसं पीठ जिभेवर ठेवलं की निकाल लागला असता. बोटावर पीठ घेतलंही. मोह नव्हता यात, अडचण होती, आणि अडचणीला तर देवही माफ करतो. पण काकू स्वतःला चांगल्या ओळखून होत्या. आज अडचण म्हणून पीठ, उद्या अडचण म्हणून पाक, परवा लाडू. एकदा हे दार किलकिलं झालं की कढया दुर्गाच्या घरी गेल्याच म्हणून समजा. त्यांनी बोट धुतलं. एक चकली तळली, अन्नपूर्णेपुढे ठेवली, पाणी फिरवलं आणि हाक मारली.

"अहो! इकडे या. ही खा आणि खरं सांगा. नवरा म्हणून नको. पेपर तपासता तसं सांगा."

शरदरावांनी चकली मोडली, चावली, चष्मा वर केला.

"मीठ नाही."

"अजिबात?"

"अजिबात."

काकूंनी सुस्कारा टाकला. मीठ कोमट पाण्यात विरघळवून पिठात मुरवता येत होतं, घाणा वाचला होता. पण शरदराव जाईनात.

"आता तपासायला दिलंच आहेस म्हणून सांगतो," ते म्हणाले. "लाडू फार गोड होतात."

"काय? कधीपासून?"

"झाली असतील दोन-तीन वर्षं."

"आणि तुम्ही रोज छान म्हणत होतात!"

"तू 'छान झालाय ना' असं विचारायचीस गं. त्याला उत्तर एकच असतं."

काकू दिवसभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. त्यांना राग आला होता, आणि रागाच्या खाली भीती होती. कारण असंच गेल्या वर्षी देवासच्या जगदाळेवहिनीही म्हणाल्या होत्या. नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीपायी देवासला स्थायिक झालेलं त्यांचं घर, काकूंचं जुनं गिऱ्हाईक. "साखर जरा जास्त होतेय हो," एवढंच वहिनी बोलल्या. काकूंनी ते मनाला लावून घेतलं होतं, आणि यंदा वहिनींनी फक्त चकल्या मागवल्या होत्या. लाडू नाहीत.

संध्याकाळी बिनसाखरेचा चहा पिताना काकूंना त्यात दुधाचा गोडवा लागला. हल्ली लागायचा. श्रावणात हाच चहा त्यांना काढ्यासारखा लागला होता. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात उजेड पडला. दिवसभर साखर चाखून चाखून जीभ बधिर झाली होती, आणि जीभ बधिर होईल तसा साखरेचा हात सैल सुटत गेला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा! ज्या चाखण्याच्या जोरावर धंदा चालतो असं त्या मानत होत्या, त्यानंच धंद्याला कीड लावली होती.

त्यांनी माळ्यावरून सासूबाईंचं पितळी मापटं काढलं, चिंचेनं घासलं. दोन मापटी बेसन, एक मापटं साखर. अंदाज बंद. बेसन भाजलं ते वासावर आणि रंगावर. शरदरावांनी लाडू तपासला, डोळे मिटले आणि म्हणाले, "हा आईचा लाडू आहे." मग घाईघाईनं म्हणाले, "नवरा म्हणून नाही सांगत."

देवासच्या चकल्यांबरोबर काकूंनी त्या लाडवांचा एक डबा आपल्या मनानंच पाठवून दिला. दिवाळी गेली. डबे सगळे खपले. काकूंनी एकाही डब्यातलं काही जिभेला लावलं नाही. भाऊबीजेनंतर जगदाळेवहिनींचा फोन आला. मुलीचं, श्रियाचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलं होतं. "रुखवत सगळं तुमच्याकडून. आणि लाडू तेच हवेत हं, दिवाळीला पाठवलेत ते."

रुखवताचे डबे घेऊन निघायच्या आदल्या दिवशी काकूंनी धारमध्ये रक्त तपासायला दिलं. सकाळी अभिषेक गाडी घेऊन आला. देवासला डबे उतरले, जगदाळ्यांच्या दिवाणखान्यात अनारसे, चिरोटे, लाडू मांडले गेले, पाहुण्या बायका भोवती जमल्या. वहिनींनी आग्रहानं काकूंच्याच लाडवांची ताटली पुढे केली. "तुम्ही घ्या ना." काकूंनी हसून हात जोडले आणि चहा मागितला, बिनसाखरेचा. मग काकू, शरदराव आणि अभिषेक टेकडीवर देवीला निघाले.

टेकडीच्या पायथ्याशी अभिषेकचा मोबाइल वाजला. रिपोर्ट आला होता. तो वाचायला त्यानं मोबाइल डोळ्यांजवळ धरला. आपले डोळे, आपल्या कढया, सगळं त्या मोबाइलमध्ये होतं.

"बोल ना रे."

"सातच्या आत आहे, आई." त्यानं मोबाइल त्यांच्यापुढे धरला. "चांगली सातच्या आत."

"मग?"

"मग तो विषय मी परत काढणार नाही."

काकूंनी त्याच्या पाठीत एक धपका घातला आणि डोळे पुसले. शरदराव रोपवेच्या तिकीट खिडकीकडे वळत होते, त्यांना त्यांनी दंडाला धरून पायऱ्यांकडे नेलं. वाटेत त्या दोनदा थांबल्या, दोन्ही वेळा शरदरावांसाठी.

वर देवीपुढे त्यांनी घरून आणलेल्या छोट्या डब्यातले लाडू ठेवले. दर्शन करून बाहेर कठड्याशी आल्या. खाली देवास पसरलेलं होतं, कारखान्यांची छपरं, आणि लांब पवनचक्क्या फिरत होत्या. काकूंनी डबा उघडला, एक लाडू घेतला आणि बरोबर मधोमध फोडला. अन्नपूर्णेपुढच्या त्या पहिल्या दिवसानंतरचा हा त्यांचा पहिला. अर्धा तोंडात ठेवून त्यांनी तो हळूहळू विरघळू दिला. भाजलेल्या बेसनाची चव आधी आली, मग तुपाची, मग वेलदोड्याची. साखर सगळ्यांच्या शेवटी, हळूच. हे सगळं लाडवात असतं हे त्या विसरूनच गेल्या होत्या.

"कसा झालाय?" शरदरावांनी विचारलं.

"बरोबर झालाय."

मग त्यांनी उरलेला अर्धा त्यांच्या हातावर ठेवला.

"अगं, हा तुझा."

"माझा खाऊन झाला," काकू म्हणाल्या. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, डबा अभिषेकच्या हातात दिला आणि पायऱ्या उतरायला लागल्या.