नकाशावरचा खोटा ठिपका

माझी मालकीण मला चोर म्हणाली, ती चारचौघांच्या देखत. अकरा वर्षं तिच्या घरची फरशी पुसली, तिच्या पोरीची आजारपणं काढली. एका सकाळी तिचं एक कानातलं सापडेना, तेव्हा तिने खाली पार्किंगमध्ये, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर माझी पिशवी उलटी केली. डबा पडला, कंगवा पडला, लेकीच्या शाळेचं पत्र पडलं. कानातलं काही पडलं नाही, पण शिक्का बसायचा तो बसला. त्यानंतर त्या सोसायटीच्या तिन्ही इमारतींत मला कुणी दारात उभं केलं नाही. दोन वर्षं मी एका शाळेचे वर्ग झाडते आहे आणि दातओठ खाते आहे. मला तिच्याकडून एकच हवं होतं. ज्यांच्यासमोर चोर म्हणाली, त्यांच्यासमोर तिने म्हणावं की ही चोर नव्हती.

म्हणून आमच्या घरकामगार संघटनेने पाहणी करायची ठरवली, तेव्हा पहिला हात मी वर केला. सोसायटीची कमिटी दर वेळी म्हणायची, तुमच्या तक्रारी ऐकीव आहेत, पुरावा आणा. संघटनेची ताई म्हणाली, आणूया. पण बाहेरची शिकलेली माणसं येऊन विचारणार नाहीत. प्रश्न आपले, विचारणाऱ्या आपण.

प्रश्न ठरवायला तीन संध्याकाळी गेल्या आणि भांडणं झाली ती वेगळीच. पोळ्या करणारीला वाटे तिच्या पाठीचं आधी लिहा, भांडीवालीला वाटे तिच्या हातांचं. शेवटी जे ठरले ते प्रश्न कुठल्या साहेबाला सुचले नसते. त्या घरात संडास वापरू देतात का? दोन मिनिटं टेकायचं झालं तर कशावर टेकता? काच लागली तर पट्टी कोण देतं?

नियम एकच होता. बाई सांगेल तेवढंच लिहायचं, लिहिलेलं तिला वाचून दाखवायचं, आणि ती हो म्हणाल्याशिवाय त्यातलं अक्षरही बाहेर काढायचं नाही.

माझ्या यादीत एक बुटकी होती. तिला सगळे बुटकीच म्हणायचे, आणि तीही त्या नावाला ओ द्यायची. माझ्या जागी माझ्या त्या मालकीणबाईकडे लागलेली पोरगी हीच. मी कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. जनरेटरच्या मागे, दुपारच्या सुट्टीत, आम्ही कागद घेऊन बसलो.

संडास वापरू देतात, म्हणाली. टेकायला बाल्कनीतला पाट आहे, म्हणाली. मला जरा रागच आला. माझ्या वेळी हे काही नव्हतं. मग शेवटचा प्रश्न आला, आम्ही विचारलं नाही असं काही सांगायचंय का?

"मावशी, एक आहे," ती म्हणाली. "वॉशिंग मशीनची जाळी साफ करताना मला कानातलं सापडलं. बाईंनी हातातून घेतलं आणि म्हणाल्या, हे कुठे बोलायचं नाही. आधीच्या बाईला त्याच्यापायी चोर म्हणून काढली होती म्हणे."

"कधी सापडलं?"

"वर्ष झालं असेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक वर्ष! बाईला ठाऊक होतं आणि ती गप्प होती. मी लिहिलं, वाचून दाखवलं. बुटकी म्हणाली, "लिहून ठेवा, पण कुणाला दाखवू नका. माझ्या पोटावर पाय येईल."

मी ताईकडे गेले. ताईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कागद तिचा आहे, तुझा नाही."

हे मला कळत होतं, पण वळत नव्हतं. कमिटीपुढे पाहणी मांडायची होती, त्या सभेसाठी आम्ही तिन्ही इमारतींचा मोठा नकाशा केला होता. जिथे संडास वापरू देत नाहीत त्या घरावर लाल ठिपका, तोही तिथे काम करणारी तयार असेल तरच. ठिपके चिकटवायचं काम माझ्याकडे होतं. सगळे लावून झाले आणि एक लाल ठिपका बोटावर उरला. तो मी त्या बाईच्या घरावर लावला. बुटकीचा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही, हे मी कबूल करते.

सभेला निम्मी सोसायटी आली होती. बाई पहिल्या रांगेत. नकाशा पाहून ती ताडकन उठली. "आमच्या घरावर लाल? आमची कामाची मुलगी मागेच उभी आहे, विचारा तिला."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. बुटकी म्हणाली, "वापरू देतात." खरं तेच बोलली बिचारी.

कमिटीच्या अध्यक्षांनी कागद मिटले. "एक खोटं निघालं, तर बाकीचं आम्ही खरं का धरावं?"

त्रेचाळीस बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी सुट्टीचा वेळ मोडून दिलेली उत्तरं माझ्या एका बोटाने मातीत घातली होती. गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं की कुणी लावला.

मी उठले. "तो ठिपका मी लावला. तिला न विचारता. माझा राग होता म्हणून." आणि पुढे जाऊन नकाशावरून खरवडून काढला.

बाई हसली. "बघा. आधी चोर होती, आता खोटारडीही झाली."

कानातल्याची गोष्ट माझ्या जिभेवर आली होती. तिथेच तिला उघडी पाडता आलं असतं. मी जीभ दाताखाली धरली आणि जागेवर जाऊन बसले.

तेवढ्यात मागून आवाज आला. "कानातलं मशीनच्या जाळीत होतं. मी काढलं, बाईंच्या हातात दिलं. त्या म्हणाल्या, बोलू नकोस." बुटकी बोलत बोलत पुढे आली. "म्हणजे आधीच्या बाई तुम्हीच का, मावशी?"

मी मान हलवली. मला खोटं सांगायचं नाही, मला त्या क्षणी आनंद झाला. बाईचा चेहरा उतरताना मी डोळे भरून पाहिला. "गैरसमज झाला होता," एवढं पुटपुटून ती निघून गेली. मग ताई म्हणाली, "आता बाकीच्यांनाही विचारा, सगळ्या इथेच आहेत." त्रेचाळीस जणी एकेक करून बोलल्या. अध्यक्षांना मिटलेले कागद पुन्हा उघडावे लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुटकी माझ्या दारात उभी. बाईने काढून टाकलं होतं. ते मी लावलेल्या ठिपक्यामुळे, दुसऱ्या कशामुळे नाही. मी तिला आत घेतलं, चहा दिला, पण तिच्या तोंडाकडे बघवेना.

संघटनेत ठरलं, त्या घरात आता कुणीच काम धरायचं नाही. आणि धरलं नाही. बाईने वॉचमनला सांगून पाहिलं, शेजारणींना विचारून पाहिलं. बाराव्या दिवशी ती स्वतः शाळेच्या फाटकाशी आली. हातांची सालं निघाली होती.

"तू तरी ये," म्हणाली.

"मी नाही. तिला परत घ्या. आठवड्याला एक सुट्टी लिहून द्या. आणि पार्किंगमध्ये, लोक असताना, मी चोर नव्हते असं म्हणा."

"पहिल्या दोन गोष्टी करते. तिसरं जाऊ दे ना. झालं गेलं."

बुटकीला कामाची गरज होती. तिच्यासाठी मी त्या दोन गोष्टींच्या कागदावर बाईची सही होऊ दिली. तिसरं मात्र सोडलं नाही. तेव्हापासून रोज शाळेत जायच्या आधी मी बाईच्या इमारतीत खाली, लिफ्टच्या दारासमोर उभी राहते. शिवी नाही, आरडाओरडा नाही. दार उघडलं की फक्त विचारते, "बाई, आज म्हणताय का?"

आज सत्ताविसावा दिवस. आता ती लिफ्ट घेतच नाही, नऊ मजले जिन्याने उतरते आणि मागच्या दाराने जाते. काल बुटकी म्हणाली, "मावशी, बाईंचे गुडघे सुजलेत हो."

मी म्हटलं, "सुजू दे. उद्यापासून मी मागच्या दाराशी उभी राहीन."