दोन पावलांनंतर तळ नाही

मी एक पाटी बोलतेय. पत्र्याची, चार फूट लांब, दोन फूट उंच, चार कोपऱ्यांना चार भोकं. आज माझ्या अंगावर पिवळा रंग आहे, कडेनं फुलांची वेल आहे आणि मधोमध गोलमटोल अक्षरांत लिहिलंय, 'या, पाय भिजवा!' ही अक्षरं माझी नाहीत. तेवढं आधीच सांगून टाकते, पुढे वेळ मिळेल न मिळेल.

माझा जन्म दगडाच्या खाणीतला. खाण बंद पडली, पंप थांबले आणि खड्ड्यात पाणी साचत गेलं. निळंशार, शांत पाणी. काठालगत पाण्याखाली दगडाची एक पायरी आहे. तिच्यावर पाणी जेमतेम घोट्याइतकं. पण ती दोनच पावलं रुंद आहे. तिसरं पाऊल थेट साठ फूट खोल. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, असं माणसंच म्हणतात आणि माणसंच विसरतात.

खाणीच्या मुकादमाचा धाकटा भाऊ तिथेच गेला. नुसतं तोंड धुवायला उतरला होता. त्यानंतर मुकादमानं एका जुन्या यंत्राचं झाकण कापून मला बनवलं, खडकात बोल्ट ठोकून पक्कं बसवलं आणि स्वतःच्या हातानं लाल रंगात लिहिलं, 'थांबा. दोन पावलांनंतर तळ नाही.' अक्षरं आली वेडीवाकडी, पण एकोणीस वर्षं माझ्यापुढे कुणी पाऊल टाकलं नाही. दरवर्षी तो ती अक्षरं गिरवायचा आणि गिरवता गिरवता भावाशी गप्पा मारायचा. मी मुकाट ऐकायचे.

मग सिनेमावाले आले. दिग्दर्शकानं दोन्ही हातांच्या बोटांची चौकट केली आणि एक डोळा मिटून माझ्याकडे पाहिलं.

"जागा लाखात एक आहे. पण ती पाटी काढा आधी. सगळ्या फ्रेमची वाट लावतेय."

"साहेब, पाटी नाही निघायची," मुकादम म्हणाला. "माझा भाऊ गेलाय इथे."

"अहो काका, शूटिंगपुरती," जागा शोधून देणारा माणूस मऊ आवाजात म्हणाला. "शेवटच्या दिवशी मी स्वतः लावून देतो. शब्द देतो तुम्हाला."

मुकादम जुन्या वळणाचा. शब्द म्हटल्यावर त्याच्या दृष्टीनं विषय संपला.

मला झुडपाला टेकवून ठेवलं होतं, तिथून सगळं दिसत होतं. नायिका खिदळत पाण्यात धावली. तिच्या कपड्यांखाली कमरेला दोर होता, दोराच्या दुसऱ्या टोकाला चार धट्टेकट्टे गडी होते, पाण्यात दोन पाणबुडे तयार होते. सिनेमात यातलं काहीएक आलं नाही. दिसली ती हसणारी पोरगी आणि घोट्याइतकं पाणी.

शेवटच्या दिवशी सामान भरायची घाई उडाली. मी सेटचीच आहे असं वाटून कुणीतरी मला उचललं आणि ट्रकमध्ये टाकलं. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. मला भीती वाटते ती याचीच.

कंपनीच्या गोदामात माझी कितीतरी नावं झाली. एका सिनेमात शाळा, एकात दवाखाना, एकात पोलीस चौकी. प्रत्येक वेळी रंगाचा नवा थर. मुकादमाचे फोन यायचे, ते कलाविभागातली ताई घ्यायची. एकदा तर ती मलाच पाठ टेकून त्याला म्हणाली, "काका, सगळं गोदाम पालथं घातलं हो, नाही सापडत." काखेत कळसा नि गावाला वळसा! हसूही येईना मला.

डबा खाताना ती फोन स्पीकरवर ठेवायची. मुकादमाचा आवाज थकला होता. "ताई, सिनेमा आल्यापासून लोक गाड्या भरभरून येतात. मी लाकडाच्या दोन पाट्या केल्या. फोटोत मध्ये येतात म्हणून लोकांनी उपटून फेकल्या. आता मीच पाटी झालोय. सकाळी खुर्ची टाकून काठावर बसतो, ते अंधार पडेपर्यंत. येईल त्याला अडवतो. डॉक्टर ओरडतात, डोळ्यांचं ऑपरेशन करा म्हणून. पण उठू कसा?"

"अरेरे," ताई म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं. मग तिनं डबा धुतला आणि ती कामाला लागली.

सिनेमा चालला, म्हणून दुसरा भाग निघाला. मला पिवळा रंग फासला, वेल काढली आणि ट्रकमध्ये चढवलं. ट्रकचा फाळका उघडला तेव्हा वास ओळखीचा आला. सुतार मला खडकाशी धरून म्हणाला, "अरे वा, इथे बोल्ट आधीच आहेत! भोकंसुद्धा जुळतात!"

ताईनं मला उलटं करून पाहिलं. मागे यंत्राचा कोरलेला नंबर होता, मुकादमानं फोनवर खूण म्हणून सांगितलेला. तिनं कपाळावर हात मारला. "अगं बाई, ही तर काकांची पाटी!" माझ्या पत्र्यात जीव आला. वाटलं, सुटलो आम्ही सगळे.

त्या दिवसांत काठावर कंपनीचे पहारेकरी होते, म्हणून मुकादम घरी होता. ताईनं त्याच्या सुनेला फोन लावला. "वहिनी, बाबांना सांगा, त्यांची पाटी मिळाली. जुन्याच जागी लावलीय, जुन्याच बोल्टांवर."

शब्दन् शब्द खरा होता. पलीकडून सून म्हणाली, "बाबा रडताहेत हो ताई. म्हणतात, आता डोळ्यांचं करून घेतो."

शूटिंग संपलं की लाल अक्षरं परत काढून द्यायची, असं ताईच्या मनात होतं. तसं ती सुताराला म्हणालीही. पण दुसऱ्याच दिवशी तिला पुढच्या लोकेशनवर धाडलं. काल कंपनी गेली. जाताना सुतारानं पान्याला हात घातला, तर दिग्दर्शक म्हणाला, "राहू दे ती. छान दिसतेय. लोकांना आवडेल."

आज मुकादमाचं ऑपरेशन आहे. त्याची खुर्ची काठावर रिकामी आहे. आणि आत्ताच एक गाडी येऊन थांबलीय. आई, वडील आणि सात-आठ वर्षांची मुलगी. मुलगी नुकती वाचायला शिकलेली असावी, कारण प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून तिनं मला मोठ्यानं वाचलं आणि वडिलांकडे वळून पाहिलं.

"बाबा, सिनेमातली जागा हीच ना? मी पण धावू?"

"धाव की. थांब जरा, फोन काढू दे. तीन म्हटलं की धावायचं हं."

अहो बाई, तुम्ही तरी बघा! त्या पोरीच्या आई, तुम्हालाच म्हणतेय. माझ्या डाव्या कोपऱ्यात सगळ्या थरांचा पोपडा उडालाय, खाली लाल दिसतंय. नखानं खरवडा. शाळा खरवडा, दवाखाना खरवडा, सगळ्यात खाली माझं खरं बोलणं आहे. एवढं एकच वाक्य मला येतं हो. ते मला कुणी बोलू देत नाही.

पोरीनं चपला काढून माझ्या खाली नीट जोडून ठेवल्यात. वडिलांनी फोन डोळ्यांपुढे धरलाय. ते मोजायला लागलेत.

एक.

दोन.