सात नंबरचं औषध

चौऱ्याहत्तर साली आमच्या ओळीत हातानं औषध बनवणारा मी एकटाच उरलो होतो, तोही एका बाईपायी. बाकीचे दुकानदार कंपनीच्या गोळ्या विकून मोकळे झाले होते.

भैय्याजी डॉक्टर चिठ्ठीवर नुसतं 'नंबर सात' लिहायचे. त्यात काय, ते फक्त त्यांना आणि मला ठाऊक: पाणी, साखरेचा पाक, कडवटपणाला चिरायता आणि लाल रंग. तुळसाबाईंना रोग नव्हता, धास्ती होती. ती त्यानं जायची. डॉक्टर वारले आणि हे लोढणं माझ्या गळ्यात अडकवून गेले.

बाई दर महिन्याला उमरेडहून एसटीनं यायच्या, धुतलेली बाटली पुढे करायच्या. मी ती भरून वर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायचो. 'एकही डोस चुकवू नका,' असं दटावायचोसुद्धा. शहाणा ना मी!

त्या दिवशी त्या घामानं थबथबल्या होत्या. डावा हात वर होत नव्हता.

"बाई, आधी मोठ्या दवाखान्यात चला."

"काहून? सात नंबर द्या ना, भाऊ. दुप्पट घेते."

"अहो, त्यात काही नाही! साखरेचं पाणी आहे नुसतं!" मी ओरडलो आणि फळीवरची भरलेली बाटली त्यांच्यासमोर घटाघटा प्यालो.

"मंग धा वर्सं खोटं बोलले, का आता बोलून राहिले?"

शेवटी पुन्हा खोट्याचेच पाय धरले. "औषध बदललंय, बाई. आता दवाखान्याच्या गोळीसोबतच लागू पडतं." त्यांची बाटली भरून दिली, तेव्हा कुठे त्या रिक्षात बसल्या.

वाचल्या. मी दुकानात बसून रडलो. ठरवलं, आता सात नंबर बंद.

महिन्याभरानं त्या आल्या, सोबत एक वाळलेली पोरगी.

"दवाखान्यातला डॉक्टर म्हने, गोळ्यायनं वाचली. त्याले काय समजते! हे शेजारची सुभद्रा. खोकल्यात रक्त पडते इच्या. रोज सुई घ्याले दवाखान्यात जात होती. म्या बंद केलं तिचं जानं."

सुभद्रानं पदराखालून बाटली काढली आणि माझ्यापुढे धरली.