घाटावरची कोण, ते मी सांगणार नाही

मी एक जुनी कॉम्प्युटर मशीन बोलतेय. केजला, ज्योत्स्नाच्या पुढच्या खोलीत, शिलाई मशीनशेजारच्या स्टुलावर माझी जागा आहे. पंख्याचं एक पातं मोडलंय म्हणून आवाज घरघरीत आहे, तो सोसून घ्या. आणि आधीच सांगते, मी भित्री आहे. दार आपटलं, लाईट लुकलुकली, की माझ्या काळजात धस्स होतं. पण भित्रं असणं वेगळं आणि फितूर असणं वेगळं. फितूर मी नाही.

माझा जन्म कुठं झाला मला आठवत नाही. आठवते ती कॉलेजची लॅब. पोरं माझ्या कीबोर्डवर भेळ सांडायची आणि मी बंद पडले की मलाच थापड मारायची. पुढं नव्या मशिनी आल्या आणि मी भंगारात गेले. भंगारवाला मला काट्यावर चढवत होता, तेवढ्यात त्याच कॉलेजात शिकलेली ज्योत्स्ना पळत आली. "मामा, हिला फोडू नका हो, मी नेते!" एवढ्या जोरात ओरडली की मीच दचकले.

तिनं मला पुसलं, आत नवी डिस्क बसवली आणि माझ्यावर बायकांच्या गप्पांची एक जागा उघडली. तिचं नाव 'पाणवठा'. मोठ्या ॲपवर एखादी बाई काही लिहायला गेली की दीर, भाचे, गावातली रिकामी पोरं खाली घाण लिहितात. पाणवठ्यावर फक्त ओळखीच्या बाया. केजच्या, धारूरच्या, सिरसाळ्याच्या. कुणी शेवयांचे फोटो टाकते, कुणी सासूचे किस्से. ते सगळं मी सांभाळते. मला ते आवडतं.

आत यायला तीन गोष्टी लागत. नाव, पासवर्ड आणि ईमेल. नाव आपल्या मर्जीचं, खोटं असलं तरी चालेल. ईमेल कशाला, तर पासवर्ड विसरला की त्या पत्त्यावर मी एक पत्र धाडायची. पत्रातल्या खुणेवर बोट ठेवलं की नवा पासवर्ड करता यायचा. म्हणजे ज्याच्या हातात पत्र, त्याच्या हातात खातं.

'घाटावरची' ही आमच्यातलीच एक. तिचं खरं नाव मी तुम्हालाही सांगणार नाही. तिनं एक फोटो टाकला. वस्तीवर यायचा पाण्याचा सरकारी टँकर पुढारी विठ्ठलराव यांच्या डाळिंबाच्या बागेत रिकामा होतोय, असा. खाली लिहिलं, 'आमची पोरं तहानेली, डाळिंबं मात्र रसाळ.' फोटो पाणवठ्याबाहेर गेला, फोनाफोनी फिरला. घाटावरचीला एक छोटीशी नोकरी आहे. विठ्ठलरावांनी एक शब्द टाकला की ती गेली. त्या नोकरीवर चार तोंडं जेवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळीच विठ्ठलरावांचा माणूस आमच्या ओट्यावर येऊन बसला. हनुमान त्याचं नाव.

"ताई, लई मोठं काम करायलात म्हनं. त्या घाटावरचीचा ईमेल तेवढा द्या, आमी उठतो."

"न्हाई देणार," ज्योत्स्ना म्हणाली. मला आतून ऐकू येत होतं.

"कावून?"

"तिनं तो माझ्याकडं ठेवायला दिलाय. तुमाला वाटायला न्हाई."

"बरं, नका देऊ," तो हसत उठला. "आमाला दुसरी वाट ठाव हाय."

तो गेल्यावर ज्योत्स्नानं दाराला कडी लावली, पुन्हा जाऊन ती लागलीय का बघितली, आणि घाटावरचीला फोन लावला.

"अक्का, तुझा ईमेल तुझ्याच फोनवर हाय ना?"

"कसला ईमेल गं?"

"तू पाणवठ्यावर आलीस तवा दिलतास तो."

"तो व्हय! तो परमेश्वरभाऊनं काढलेला. त्याच्याकडंच असंल की. मला काय करायचाय?"

ज्योत्स्नानं फोन ठेवला.

घाटावरचीचं नवल नको वाटायला. आमच्याकडं ईमेल ही स्वतः काढायची वस्तू नाही. शिष्यवृत्ती असो, पीकविमा असो, परमेश्वरच्या ऑनलाइन सेंटरवर जायचं. "ईमेल हाय का?" "न्हाई बाबा." मग तो तिथंच काढून देतो. पत्ता माणसाच्या खऱ्या नावाचा, पासवर्ड त्याच्या मनचा, मोबाइल नंबर त्याचा. माणूस वाईट नाही. "बायांच्या ध्यानात ऱ्हात न्हाई ओ," म्हणतो. अख्ख्या तालुक्याची पत्रं त्याच्या एका फोनवर पडतात, आणि फोन भरला की तो न वाचता पुसून टाकतो.

आता कळलं ना, दुसरी वाट कुठली? परमेश्वरच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचं. पाणवठ्यावर 'घाटावरची' हे नाव टाकायचं आणि 'पासवर्ड विसरला' दाबायचं. मी प्रामाणिकपणे पत्र धाडणार, परमेश्वरचा फोन वाजणार, आणि पत्र कुणाच्या पत्त्यावर आलं ते हनुमान वाचणार. माझ्याच हातून! माझा पंखा असा काही घरघरला की ज्योत्स्नानं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

तिनं माझी यादी उघडली. निम्म्याहून जास्त पत्ते परमेश्वरनं काढलेले. तिनं नवे पत्ते घेतले नाहीत. होते तेच पुसले. एकेकीचे नाही, सगळ्यांचे. माझ्या जुन्या नोंदींतले पुसले, कपाटात ठेवलेल्या दुसऱ्या डिस्कवरच्या नकलेतलेही पुसले. माझं पोट हलकं झालं. मग पत्र धाडायच्या जागी तिनं एकच ओळ लिहिली आणि सगळ्या बायांना फोन करून तीच सांगितली.

दुपारी कुणीतरी घाटावरचीच्या नावानं 'पासवर्ड विसरला' दाबलं. मी ओळ दाखवली. पुन्हा दाबलं. पुन्हा तीच. त्यांनी दाबत राहावं आणि मी दाखवत राहावं, असं बराच वेळ चाललं. खरं सांगते, आयुष्यात इतकी मजा आली नव्हती.

संध्याकाळी हनुमान तणतणत आला. ओट्यावर शेजारची छबुबाई शेंगा निवडत बसली होती, चार बाया भोवती होत्या.

"ताई, ते असं कावून दाखवायलंय? 'पासवर्ड विसरलात? ज्योत्स्नाच्या ओट्यावर या, तोंड दाखवा.' ही काय पद्धत झाली?"

छबुबाईनं मान वर केली. "कुनाचा पासवर्ड इसरला रे?"

"घाटावरचीचा," तो बोलून गेला.

"आगं बाई! म्हंजे घाटावरची तूच व्हय? आन् आमी गावभर धुंडायलोत!" छबुबाईनं टोपली बाजूला सारली. "ये, बस माय. पदर घे डोक्यावर. ज्योत्स्ने, विठ्ठलरावाला फोन लाव, म्हनावं बागंचा फोटो काढनारी घावली!"

बाया हसून हसून लोळल्या. हनुमान चपला हातात घेऊनच रस्त्याला लागला.

तेव्हापासून माझ्याकडं कुणाचाच पत्ता नाही. पासवर्ड विसरलेली बाई जीप पकडून येते, तोंड दाखवते, चहा पिते, नवा पासवर्ड घेऊन जाते. तुम्हीही एकदा बघा हो, तुमची पत्रं कुणाच्या खिशात पडतात ते.

घाटावरचीची नोकरी अजून शाबूत आहे. आज सकाळी तिनं दुसरा फोटो टाकलाय. तोच टँकर, तीच बाग. हनुमान पुन्हा येईल, कदाचित मला उचलून नेईल, स्क्रू काढून आत बघेल. बघू दे. मी घरघरतेय म्हणजे घाबरलेय, हे खरं. पण मी घरघरतेय म्हणजे चालू आहे, हेही खरं.