एल्विनच्या शेतातली वाट

फेब्रुवारीतला शाळांच्या सुट्टीचा आठवडा तोंडावर आला आणि एल्विन हॅस्केलने आपल्या बटाट्याच्या शेतातून जाणाऱ्या वाटेवर ओंडके आडवे टाकले. स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरून पळवायच्या गाड्या; त्यांच्या आमच्या क्लबची मुख्य वाट तीच. ती बंद म्हणजे बाहेरगावची मंडळी गावात पोचणारच नाहीत, आणि मोटेल, पेट्रोल पंप, खानावळ सगळ्यांनी माशा मारत बसायचं.

मी खवळले. माझा नवरा नॉर्मंड हिवाळाभर, एक पैसा न घेता, ते अवजड मशीन चालवतो. मागे लोखंडी फळी ओढत वाटेवरचा बर्फ दाबून गुळगुळीत करतो. पाठीचा पार भुगा झालाय त्याच्या. आणि ह्याने खुशाल ओंडके टाकावेत?

"चल," मी म्हटलं, "मीच बोलते त्याच्याशी."

"राहू दे ना," नॉर्म म्हणाला. "त्याची बायको वारून असे किती दिवस झालेत."

"मर्ना माझीही मैत्रीण होती. म्हणून काय अख्ख्या गावाच्या पोटावर पाय द्यायचा?"

गाडीत तो गप्प होता. हा माणूस गप्प बसला की काहीतरी लपवतोय, हे इतक्या वर्षांत मला कळायला हवं होतं.

क्लबच्या मालकीची वीतभरही जमीन नाही. वाट सगळी लोकांच्या शेतांतून, रानांतून जाते. म्हणून बर्फ पडायच्या आधी नॉर्म घरोघरी जातो, स्वयंपाकघरात बसून कॉफी पितो आणि विचारतो, "यंदाही जाऊ द्याल ना?" कागद नाही, सही नाही. प्रत्येक घरासाठी मी ब्लूबेरीचा केक देते.

एल्विनने दार उघडलं, पण आत या म्हणाला नाही. नॉर्मने टोपी काढली. मी मात्र सुरूच झाले. "एल्विन, ऑक्टोबरात हो म्हणालात आणि आता ओंडके? हे काय वागणं झालं?"

"कोणाला हो म्हणालो?"

"नॉर्मला. केक घेऊन आला नव्हता का तो?"

एल्विनने नॉर्मकडे पाहिलं. "सांग की तिला."

"आलो होतो," नॉर्म पुटपुटला. "घरी कोणी नव्हतं."

"ऑक्टोबरात मी घर सोडून कुठे जाणार होतो रे? मर्नाचा पलंग त्या खिडकीशी लावला होता, तिला रस्ता दिसावा म्हणून. तुझी गाडी आधी तिनेच पाहिली. म्हणाली, कॉफी ठेवा, नॉर्म आला. मी ठेवली. तू टपालपेटीपाशी थांबलास, इंजिनही बंद केलं नाहीस, आणि निघून गेलास."

नॉर्म कानापर्यंत लाल झाला.

"मग केक?" मी विचारलं. काय ती विचारायची वेळ, पण तोंडून गेलं.

"गाडीतच खाल्ला. तळ्याकाठी थांबून." त्याची नजर वर होईना. "मला आत यायचा धीर झाला नाही, एल्विन. तिच्याशी काय बोलायचं तेच सुचेना."

मग काय, तिथंच दारात मी त्याची बिनपाण्याने केली. "लाज नाही वाटली? आजारी बाईसाठी दिलेलं स्वतः खाल्लंस, वर रिकामी ताटली आणून मला म्हणालास, मर्ना ठीक आहे, तिने आभार सांगितलेत?"

"पुरे," एल्विन म्हणाला. "त्याला नको बोलूस, क्लॉडेट. तो टपालपेटीपर्यंत तरी आला."

आता तो माझ्याकडे वळला.

"ती तुझी वाट बघायची. कुठलीही गाडी दिसली की विचारायची, क्लॉडेट आहे का? मी म्हणायचो, क्लबच्या कामात असेल, हिवाळा जवळ आलाय."

होतेच मी कामात. वाटेवरच्या पाट्या रंगवत होते, वाटेला जमीन देणाऱ्यांना क्लब दरवर्षी जेवण देतो, त्याची तयारी करत होते. रोज म्हणायचे, उद्या जाऊ. पण खरं सांगायचं तर मलाही भीती वाटत होती. मर्ना ठीक आहे असं नॉर्मने सांगितलं आणि मी लगेच मानलं, कारण मानलं की जायला नको. अंत्यविधीला मात्र मी पुढच्या रांगेत बसून सगळ्यांपेक्षा मोठ्याने रडले होते. ते आठवलं आणि माझी मलाच लाज वाटली.

"चुकलं माझं, एल्विन," मी म्हटलं. "मला आत येऊ द्या. थोडा वेळ बसते."

"आता कोणापाशी बसणार?"

तो रागाने बोलला असता तर बरं झालं असतं. त्याने बूट चढवले, ट्रॅक्टर काढला, आणि त्याने व नॉर्मने मिळून ओंडके बाजूला ओढले. मी हात खिशात घालून बर्फात उभी होते.

"उपकार झाले," शेवटी नॉर्म म्हणाला. "पुढच्या ऑक्टोबरात मी नक्की येतो. आत येतो."

"नको. तुम्हाला वाट हवी ना, घ्या. दरवर्षी घ्या. विचारायला मात्र घरी यायचं नाही." एवढं बोलून तो आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

शनिवारी क्लबात पाय ठेवायला जागा नव्हती. मोटेल भरलं होतं, पंपावर स्नोमोबाइलची रांग लागली होती. मी सूप वाढत होते. आमचे अध्यक्ष खुर्चीवर चढले आणि म्हणाले, "वाट उघडली ती क्लॉडेटमुळे. ती स्वतः त्याच्या घरी गेली, म्हणून झालं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नॉर्मने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मीही खरं काय ते न सांगता पुढचा वाडगा भरला.